'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात आंग्रे आले खरे, पण पहिल्या भागाची मजा आली का?

मागच्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर एक रील येऊन पडलं. अंधाऱ्या खोलीत लांबलचक टेबल, भोवती देशोदेशीचे समुद्री लुटारू, आणि त्यांच्यात बसलेला एक दाढीवाला माणूस. डोक्याला फेटा, अंगावर भरजरी कपडे, बाजूला दोन हुजरे. वर मोठ्या अक्षरांत मजकूर होता, 'हॉलिवूडनं आपल्या संभाजीला चोर दाखवलं, शेअर करा.' खाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग लागली.

दोन दिवसांनी तीच क्लिप परत आली. या वेळी मागं ढोलताशा वाजत होता आणि मजकूर होता, 'हॉलिवूडमध्ये मराठ्यांचा डंका.' आता खाली भगवे झेंडे.

माझा पुतण्या कॉलेजात आहे. तो म्हणाला, "काका, एक काहीतरी ठरवा. रागवायचं का मिरवायचं?"

त्याला सांगता सांगता विषय लांबत गेला. म्हटलं नीट लिहूनच काढू.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. सोलापूर रस्त्यावरचं टेंभुर्णी वेगळं, तिथं उतरून मला शोधू नका. आमच्यापासून समुद्र रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या पुढं. बरं, पाण्याचंही नातं नाही, कारण आमच्या शिवारातला पाऊस पूर्णेतून गोदावरीत जातो आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्राला आमचा थेंबही मिळत नाही. त्यामुळं जहाज आम्ही पाहिलं ते टीव्हीवर, हिंदीत डब होऊन आलेल्या जॅक स्पॅरोबरोबर. तेव्हा सिनेमाबद्दल बोलायचा हक्क आहे, समुद्राबद्दल बोलताना मात्र पुस्तकं उघडावी लागतात.

तर तो फेटेवाला कोण?

क्लिप आहे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : अ‍ॅट वर्ल्ड्स एंड' या सिनेमातली. मालिकेतला तिसरा भाग, साल २००७. त्यात जगातल्या नऊ समुद्री सरदारांची सभा भरते. कॅरिबियनचा सरदार जॅक स्पॅरो, चीनच्या दक्षिणेकडच्या समुद्राचा साओ फेंग, तशी एकेक मंडळी. हिंदी महासागराचा जो सरदार आहे तो हा. सिनेमात त्याला 'श्री सुंभाजी' म्हणतात आणि सिनेमासोबतच्या साहित्यात त्याचं आडनाव 'आंग्रिया' दिलंय. इंग्रज त्यांच्या कागदपत्रांत आंग्रे हे आडनाव असंच लिहायचे. भूमिका केलीय मार्शल मनेश या इराणी वंशाच्या अमेरिकन नटानं.

म्हणजे हे छत्रपती संभाजी महाराज नाहीत. महाराजांचा मृत्यू १६८९ सालचा. आणि हे कान्होजी आंग्रेही नाहीत, जसं अर्धी रीलं सांगतात. हे कान्होजींचे चिरंजीव संभाजी आंग्रे. पहिल्या रीलमधला राग चुकीच्या पत्त्यावर गेलेला आहे, आणि दुसऱ्यातला डंका... त्याच्याकडे येतो. त्याआधी सिनेमाचं बघू, कारण ज्या माणसाबद्दल भांडण चाललंय तो आला तोच मुळी एका सिक्वेलमध्ये, आणि सिक्वेलचं जे दुखणं असतं तेच त्याच्या वाट्याला आलं.

पहिला भाग, 'द कर्स ऑफ द ब्लॅक पर्ल', २००३ चा. डिस्नीलँडमध्ये १९६७ पासून एक बोटीची राइड आहे, तिच्यावरून सिनेमा काढायचा ठरला. आपल्याकडं जत्रेतल्या पाळण्यावर सिनेमा काढण्यासारखंच हे. समुद्री लुटारूंचे सिनेमे तोवर हॉलिवूडमध्ये पडायचेच. शिवाय जॉनी डेपनं जॅक स्पॅरोला डोळ्यांत काजळ घातलं, चालण्यात झोकांड्या आणल्या, जीभ जड केली. हे बघून स्टुडिओतल्या वरिष्ठांच्या पोटात गोळा आला होता, हे नंतर सगळ्यांनीच कबूल केलं. डेपनं ती ढब घेतली होती कीथ रिचर्ड्स या रॉक गिटारवादकाकडून. सिनेमानं जगभरात ६५ कोटी डॉलर कमावले आणि डेपला ऑस्करचं नामांकन मिळालं.

तो चालला का? माझ्या मते त्याची गोष्ट एका दमात सांगता येते म्हणून. शापित सोनं आहे. ते चोरलेले खलाशी मरत नाहीत, पण जगतही नाहीत, चांदण्यात त्यांचे सांगाडे दिसतात. शाप उतरवायला सोनं परत ठेवायचं आणि एका विशिष्ट माणसाचं रक्त सांडायचं. संपलं. आमच्याकडं रात्री शेतात पाणी द्यायला गेल्यावर सांगतात त्या भुताच्या गोष्टीला याहून जास्त गुंता नसतो. आणि दुसरी गोष्ट अशी की या सिनेमाचा नायक जॅक नाहीच. नायक आहे विल टर्नर, लोहाराच्या भट्टीतला साधा पोरगा. जॅक म्हणजे तोंडी लावणं. त्याची पहिली एन्ट्री आठवा. डोलकाठीवर ऐटीत उभा आहे, संगीत चढतंय, आणि कॅमेरा खाली येतो तर बोट बुडत चाललीय. धक्क्याला पाय लावायला आणि बोट पाण्याखाली जायला एकच गाठ पडते. माणूस कसा आहे ते एका वाक्याशिवाय कळतं.

दुसरा भाग, 'डेड मॅन्स चेस्ट', २००६. तोंडी लावणं आता ताटभर वाढलं. डेव्ही जोन्स नावाचा ऑक्टोपसतोंड्या कप्तान आला (बिल नाय या नटाचा चेहरा संगणकानं असा काही बदलला होता की त्या कामाला ऑस्कर मिळालं), जहाजं गिळणारा राक्षसी प्राणी आला, पेटी आली, किल्ली आली, होकायंत्र आलं. कमाई शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेली. तोवर हा आकडा 'टायटॅनिक' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवटचा भाग एवढ्यांनीच ओलांडला होता. मला स्वतःला हा भाग आवडतो, पण पोट भरल्यावरही आग्रह चालू असतो तसं शेवटच्या तासात वाटतं.

मग आला तिसरा. पावणेतीन तासांच्या वर लांबी. दुसरा आणि तिसरा भाग एका पाठोपाठ चित्रित झाले, आणि काम सुरू झालं तेव्हा तिसऱ्याची पटकथा पूर्ण लिहूनही झालेली नव्हती. ते दिसतंही. कोण कोणाला कशासाठी फसवतंय याचा हिशोब ठेवायला वही घेऊन बसावं लागतं. साओ फेंग जॅकला विकतो, विल सगळ्यांना विकतो, बार्बोसा कोणाच्या बाजूनं आहे ते त्याला तरी माहीत असावं. पुतण्या या भागाच्या मध्यावर झोपला. मी त्याला दोष देत नाही.

पण याच सिनेमात एक जबरदस्त कल्पना आहे, आणि ती बाकीच्या चारही भागांत नाही.

सिनेमा सुरू होतो तो फासावर चाललेल्या माणसांच्या रांगेनं. रांगेत एक लहान मुलगाही आहे. फाशी देणारी आहे ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी, आणि तिचा म्होरक्या लॉर्ड बेकेट. हा बेकेट तलवार चालवत नाही, आरडाओरडा करत नाही. तो चहा पितो, नकाशावर छोट्या मूर्ती मांडतो आणि कागदावर सही करतो. त्याला समुद्रावर एकच हुकूम हवा आहे, कंपनीचा. त्याच्यासमोर नऊ सरदार आहेत आणि त्यांना एकत्र येऊन एक राजा निवडायचाय. मतदान होतं. जॅक सोडला तर प्रत्येक जण स्वतःलाच मत देतो.

हा प्रसंग विनोदी म्हणून घेतलाय. आपल्याकडं इतिहासाचं पुस्तक उघडलं की मात्र हसू मावळतं.

आता एक साधा प्रश्न. ईस्ट इंडिया कंपनी कॅरिबियनमध्ये काय करत होती? काहीच नाही. तिची व्यापाराची सनदच केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडची होती, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून इकडं. या सिनेमाचा खलनायक मुळात आपल्या समुद्रातून उचलून नेलेला आहे. आणि कंपनीशी तीस-चाळीस वर्षं समुद्रावर खरंखुरं लढलेलं घराणं कोणतं म्हणाल, तर अलिबाग आणि विजयदुर्गाचे आंग्रे. खलनायक आमचा नेला, त्याच्याशी लढणारा माणूसही नेला, आणि त्याला सभेत कोपऱ्यातली खुर्ची दिली. माझी तक्रार असेल तर ही आहे.

खरी गोष्ट काय होती ते थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

कान्होजी आंग्रे मराठा राज्याचे सरखेल होते, म्हणजे आरमाराचे प्रमुख. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी हाताशी. १७१३ मध्ये पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथांनी त्यांना ताराबाईंच्या पक्षातून शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, त्यानंतर तर किनाऱ्यावर त्यांचा शब्द चालू लागला. त्यांची पद्धत सोपी होती. आमच्या समुद्रातून जायचं तर आमचा दस्तक घ्या, म्हणजे परवाना. नसेल तर जहाज जप्त. यात काही नवल नव्हतं. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे. इंग्रजही आपले परवाने देत होते. फक्त कान्होजींनी तेच केल्यावर इंग्रजांच्या वह्यांत त्यांच्या नावापुढं 'पायरेट' लागलं.

एक उदाहरण. १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमारानं पकडली. तिच्यावर कंपनीचा कारवारचा अधिकारी चाऊन होता, तो लढाईत मेला. त्याची तरुण बायको कॅथरिन कैद झाली. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडलं. इंग्रजी पुस्तकांत ही कथा मोठ्या चवीनं येते. खंडणी घेतली ही गोष्ट खरीच आहे, ती लपवायचं कारण नाही. पण त्या काळात युद्धकैद्यांच्या बदल्यात पैसे घेणं हे सगळेच करत.

आणि खरे पायरेट बघायचे असतील तर तेही आपल्याच समुद्रात येऊन गेलेत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजानं हजहून परत सुरतेला येणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज लुटलं. प्रवाशांचे, बायकांचे जे हाल केले ते लिहवत नाहीत. औरंगजेबानं संतापून सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं. एव्हरीच्या पाठीशी ना राज्य, ना किल्ला, ना परवाना. माल घेतला आणि पसार झाला. पायरेट म्हणतात तो असा.

कंपनीनं कान्होजींवर काय काय नाही केलं? गव्हर्नर चार्ल्स बून आल्यावर मुंबईभोवती तटबंदी उभी राहिली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, फसला. मग सपाट बुडाची तरंगती तोफगाडी म्हणावी अशी 'फ्रॅम' नावाची नौका मुद्दाम बांधून १७२० मध्ये परत विजयदुर्गावर नेली. तिचाही काही उपयोग झाला नाही. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली जहाजं आणि पोर्तुगीज असे दोघं मिळून कुलाब्यावर आले. बाजीराव पेशवे मदतीला धावले, पोर्तुगीजांनी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज हात चोळत मुंबईला गेले.

यातलं गुपित जहाजांच्या आकारात होतं असं मला वाटतं. इंग्रजांची जहाजं मोठी, खोल पाण्याची. आंग्र्यांची गुराबं उथळ बुडाची, पुढच्या टोकाला तोफा. सोबत गलबतं, ज्यांना वल्ह्यांची रांग. वारा पडला की इंग्रज जहाज जागच्या जागी खिळायचं आणि गलबतं वल्हवत त्याच्या मागच्या बाजूला जायची, जिथं तोफा कमी. शिड तोडायचं, मग चढायचं. अंगावर आलं तर खाडीत शिरायचं, जिथं मोठं जहाज येऊच शकत नाही. विजयदुर्गाच्या मागं वाघोटणची खाडी आहे, तिथं आंग्र्यांची गोदीच होती. म्हटलं तर गनिमी कावा, फक्त घोड्याऐवजी वल्हं. हे पडद्यावर कसं दिसलं असतं याचा नुसता विचार करा.

गंमत म्हणून तुलना. मालिकेच्या चौथ्या भागात, २०११ च्या, खलनायक आहे ब्लॅकबिअर्ड. तोही खरा माणूस. त्याची लुटालूट जेमतेम दोन वर्षं चालली आणि १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये दोन भाड्याच्या बोटींवरच्या सैनिकांनी त्याला मारलं. त्याच सुमाराला खांदेरीवरून इंग्रजांचं आख्खं आरमार कान्होजींनी परत पाठवलं होतं. ब्लॅकबिअर्डला आख्खा सिनेमा मिळाला.

कान्होजी १७२९ मध्ये गेले, शेवटपर्यंत न हरता. इथं पहिला भाग संपतो.

दुसऱ्या भागात काय झालं? थोरले सेखोजी गादीवर आले, चार वर्षांत वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. दौलतीची वाटणी झाली, मानाजी कुलाब्यात, संभाजी दक्षिणेला सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडं. तो सिनेमातला फेटेवाला तो हाच संभाजी.

कर्तृत्वानं तो कमी नव्हता, हे सांगायला पाहिजे. डिसेंबर १७३५ मध्ये त्याच्या आरमारानं 'डर्बी' हे कंपनीचं बडं जहाज पकडलं. इंग्लंडहून मुंबईला खजिना आणि वर्षभराचं जहाजी सामान घेऊन येत होतं ते. कान्होजींच्याही हाती एवढं घबाड क्वचितच लागलं असेल. पण भावाशी वैर काही सुटलं नाही. १७४० मध्ये संभाजीनं कुलाब्यालाच वेढा घातला. आत मानाजी. त्यानं मदत मागितली पेशव्यांकडं, आणि ती इंग्रजांकडूनही आली. बापानं ज्यांना त्याच किल्ल्याच्या तटावरून पिटाळलं होतं, त्यांची जहाजं एका मुलाला वाचवायला त्याच किल्ल्याखाली आली, दुसऱ्या मुलापासून. मुंबईतल्या इंग्रजांना एवढं स्वस्त काम आयुष्यात मिळालं नसेल.

संभाजी १७४२ मध्ये गेला. त्याच्यामागं तुळाजी आला. समुद्रावर तो संभाजीहून जबर, पण पेशव्यांना जुमानेना. शेजारच्या मराठी सरदारांचा मुलूखही त्यानं सोडला नाही. तेव्हा नानासाहेब पेशव्यांना तो नकोसा झाला यात नवल नाही, त्यांची बाजूही समजून घ्यावी लागते. पण त्यासाठी हात मिळवला तो कंपनीशी. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग पाडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांची जहाजं बंदरात एकमेकांना खेटून बांधलेली होती. एकाला आग लागली. ते 'रिस्टोरेशन' होतं, तुळाजीनं इंग्रजांकडूनच जिंकलेलं. त्याच्यावरून आग पसरत गेली आणि मराठ्यांचं हे आरमार एका दुपारीत जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला. विजयदुर्ग ठरल्याप्रमाणं पेशव्यांना द्यायचा होता. इंग्रजांनी आधी लूट वाटून घेतली, किल्ला धरून ठेवला आणि बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच सोडला. पुढं तिथून आनंदराव धुळपांनी पेशव्यांचं आरमार चालवलं, चांगलं चालवलं, पण कंपनीला मुंबईत झोप न लागण्याचे दिवस गेले ते गेलेच. क्लाइव्ह पुढच्याच वर्षी प्लासीला होता.

लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तिकोनी बुरूज आहे, 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. हे सुवर्णदुर्गाचं इंग्रजी रूप. कमोडोर जेम्सच्या विधवेनं नवऱ्याच्या आठवणीत १७८४ मध्ये बांधला. त्यांनी जिंकलेल्याची आठवण दगडात ठेवली.

आता परत त्या टेबलाकडं या. नऊ सरदार, समोर कंपनी, आणि जवळजवळ प्रत्येकाचं मत स्वतःला. लेखकांना आंग्र्यांच्या घरातलं भांडण माहीत होतं का, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या खोलीत या प्रसंगाचं खरं दुःख ज्याला कळलं असतं असा एकच माणूस बसलेला होता, संभाजी आंग्रे. सिनेमानं त्याच्याकडून काय करून घेतलं? त्याच्या वतीनं हुजरे बोलतात. आणि अखेर तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा एवढ्या धिप्पाड माणसाचा आवाज निघतो बारीक, चिरका. थिएटर हसतं. बस्स, एवढंच काम.

त्याहून वाईट शेवट आहे. सगळ्या सरदारांची जहाजं कंपनीसमोर उभी राहतात, आपण सरसावून बसतो, आणि लढतात फक्त दोन-तीन जहाजं, भोवऱ्यात गरागरा फिरत. बाकी आख्खा ताफा लांबून बघतो आणि शेवटी टोप्या उडवतो. हिंदी महासागराच्या सरदाराच्या वाट्याला एक तोफसुद्धा येत नाही. गावात कुस्त्यांचा फड लावावा, लांबलांबचे पैलवान बोलवावेत, त्यांची नावं लाउडस्पीकरवर घ्यावीत आणि कुस्ती लावावी एकच.

म्हणून माझं मत असं. तिसरा भाग पहिल्याच्या जवळ जात नाही. पहिल्यात माणसं कमी आणि प्रत्येकाला काम आहे. तिसऱ्यात माणसं जगभरची आणि काम दोघा-तिघांना. कल्पना मात्र पहिल्यापेक्षा मोठी होती, म्हणून तो नुसता वाईट सिनेमा वाटत नाही, हातचा गेलेला वाटतो. कमाई ९६ कोटी डॉलर झाली, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. चौथा भाग शंभर कोटींच्या पुढं गेला आणि त्यातला एक प्रसंग मला आठवत नाही. २०१७ चा पाचवा विचारूच नका.

रागाचं म्हणाल, तर चीनमध्ये सेन्सॉरनं साओ फेंगची बरीच दृश्यं कापून टाकली होती, चिनी माणसाची बदनामी होते म्हणून. सिनेमा आणखी कळेनासा झाला असणार, मुळात कमी होता काय. आपण तसलं काही मागू नये. शिवाय या सिनेमात पायरेट हेच नायक आहेत आणि फासावर देणारी कंपनी दुष्ट. 'आंग्रे पायरेट होते' असं इंग्रज म्हणत त्यात आणि हा सिनेमा म्हणतो त्यात एवढा फरक आहेच. पण शिक्का तोच राहिला, हेही खरं. कोणाच्या परवान्याला कायदा म्हणायचं आणि कोणाच्या परवान्याला लूट, हे कंपनीनं तीनशे वर्षांपूर्वी ठरवलं आणि कंपनीला खलनायक करणाऱ्यांनीही तेच उचललं. भारतीय नौदलाचा मुंबईतला तळ 'आयएनएस आंग्रे' या नावानं १९५१ पासून उभा आहे, त्यांनी ते उचललं नाही.

पुतण्यानं एवढं ऐकून विचारलं, "पण काका, आपल्याला काय त्याचं? आपण कुठं, समुद्र कुठं."

त्याला गाडीवर बसवून असईला नेलं. आमच्यापासून फार लांब नाही. दोन नद्यांच्या बेचक्यातलं साधं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीनं लढाई केली, तोच जो पुढं नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. त्याची फौज कंपनीची. होळकर त्या लढाईत उतरलेच नाहीत आणि पेशवे तर आधीच कंपनीच्या आश्रयाला गेले होते. विजयदुर्गाच्या बंदरात जहाजं जळाली त्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं झाली होती. समुद्र आमच्यापर्यंत आला नाही, पण समुद्रावर ज्यांना अडवायचं होतं ते इथवर आले.

तो बराच वेळ नदीकडं बघत होता. मग म्हणाला, अलिबागला जायचं का दिवाळीत.

जाणार असाल तर तुम्हालाही सांगून ठेवतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं, पण भरतीची वेळ विचारून जा, नाहीतर आत अडकून पडाल. कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे. आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेत. ग्रुपवर मी त्या रीलखाली एवढंच लिहिलं, 'हा संभाजी आंग्रे आहे, कान्होजींचा मुलगा.' वर दोन अंगठे आले आणि एकानं विचारलं, कान्होजी कोण?